गल्ली सहा बू, घर चव्वेचाळीस बू
वाचकांचे प्रश्न : बीजिंगचे हुथोंग

बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चिनी नावं उच्चाराच्या जमेल तितकी जवळ लिहिली आहेत. 'हुटाँग', 'हुटोंग' असं वाचायची सवय असेल, तर हुथोंग तेच.

हुथोंग म्हणजे गल्लीच ना? मग तिचं एवढं कौतुक कशासाठी? (पुणे)

गल्लीच, पण मोजून-मापून आखलेली. १२६७ साली कुबलाई खानाने दादू ही नवी राजधानी बांधायला घेतली. बीजिंगचं जुनं शहर तिच्याच आखणीवर उभं आहे. युआन, म्हणजे कुबलाईच्या घराण्याच्या, काळातल्या नोंदीत रस्त्यांची मापं आहेत : मोठा रस्ता २४ बू, लहान रस्ता १२ बू. गल्ली त्याच्याही निम्मी, म्हणजे ६ बू. बू म्हणजे डावं-उजवं मिळून दोन पावलं, साधारण १.५४ मीटर. म्हणजे गल्ली सव्वानऊ मीटरच्या आसपास झाली. एका गल्लीपासून पुढची गल्ली ५० बूंवर, म्हणजे सुमारे ७७ मीटरवर.

आता पन्नासातून सहा वजा करा. उरतात ४४ बू, ही घराच्या जागेची खोली. ४४ गुणिले ४४ म्हणजे १,९३६ चौरस बू, आणि २४० चौरस बूंचा एक मू. उत्तर येतं आठ मू. १२८५ च्या फर्मानात जुन्या शहरातून नव्या राजधानीत येणाऱ्या सधन माणसांना आणि अधिकाऱ्यांना नेमकी आठ मू जागा ठरवून दिली होती. आपल्या मापात एकराहून थोडी जास्त. गल्लीचं अंतर आणि घराचा तुकडा एकाच हिशेबातून निघाले होते, ते असे.

या गल्ल्या पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे दुतर्फाच्या घरांना दक्षिणेकडे तोंड करता येतं. म्हणूनच जुना बीजिंगकर पत्ता सांगताना 'डावीकडे वळा' म्हणत नाही, 'पूर्वेला वळा' म्हणतो.

शब्दाबद्दल मतभेद आहेत. सर्वांत जास्त मानली जाणारी व्युत्पत्ती मंगोल भाषेतल्या विहिरीच्या शब्दाशी, 'खुदग'शी जोडतात. जिथे विहीर तिथे वस्ती, आणि वस्तीत जायची वाट ती हुथोंग. पाण्याचा विषय पुढे येणारच आहे, तेव्हा ही व्युत्पत्ती लक्षात ठेवा.

सगळ्या गल्ल्या मात्र सरळ नाहीत. युआन आणि त्यानंतरच्या मिंग घराण्याच्या तटाच्या दक्षिणेला, दाशिलानच्या बाजूला, व्यापाऱ्यांची वस्ती आखणीशिवाय वाढली आणि १५५३ मध्ये तिला बाहेरचा तट घातला गेला. तिथल्या गल्ल्या तिरक्या, नागमोडी आहेत. चांदी-नाण्यांच्या बाजाराची छिएनशी हुथोंग सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम ४० सेंटिमीटर आहे. समोरून माणूस आला तर एकाने मागे फिरायचं. चिऊवान म्हणजे 'नऊ वळणं', पण त्या गल्लीत वळणं मोजली तर तेरा भरतात.

तिथलं घर आपल्या चौसोपी वाड्यासारखंच असतं असं वाचलं. खरं का? आणि मुख्य दार मधोमध न ठेवता कोपऱ्यात का? (नाशिक)

मधला चौक सारखा, बाकी बरंच वेगळं. वाड्यात चारही सोपे एकमेकांना जोडलेले असतात आणि छप्पर सलग फिरतं. तिथल्या सिहयुआनमध्ये चार इमारती सुट्या असतात, एकमेकींना टेकत नाहीत. त्यांना जोडते ती उघडी, छपराची ओसरी. सिहयुआनचा अर्थच 'चौबाजूंनी मिटलेलं अंगण'.

फरक सूर्यामुळे पडतो. बीजिंग चाळिसाव्या अक्षांशाजवळ आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसव्वीस अंशच वर येतो, म्हणजे चार मीटर उंच भिंतीची सावली आठ मीटर पडते. पुण्यात त्याच दिवशी सूर्य ४८ अंशांवर असतो आणि सावली भिंतीच्या उंचीपेक्षाही थोडी कमी. आपला चौक उन्हापासून आडोसा मिळावा म्हणून आटोपशीर ठेवलेला असतो. तिथलं अंगण हिवाळ्याचं ऊन उत्तरेकडच्या खोल्यांत आत यावं म्हणून पसरट ठेवावं लागतं. उन्हाळ्यात सूर्य साडेत्र्याहत्तर अंशांवर जातो, तेव्हा पुढे आलेली पागोळी तेच ऊन बाहेरच अडवते.

म्हणून उत्तरेची, दक्षिणाभिमुख इमारत सर्वांत मानाची. ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. पूर्वेची बाजू थोरल्या मुलाची, पश्चिमेची धाकट्याची. दक्षिणेची रांग गल्लीला पाठ करून उभी असते आणि तिला ऊन मिळत नाही, तिथे नोकर, पाहुणे, शिकवणीचे मास्तर. घर मोठं असेल तर सर्वांत मागे आणखी एक रांग असते, ती लग्न न झालेल्या मुलींची आणि दासींची. खण नेहमी विषम : तीन किंवा पाच. मिंग कायद्याप्रमाणे सामान्य प्रजेला तीन खणांपेक्षा मोठी इमारत बांधता येत नव्हती. पिवळी चकचकीत कौलं बादशहाची, हिरवी राजपुत्रांची, बाकी सगळ्यांना करडी.

दार आग्नेय कोपऱ्यात असतं, कारण त्यांच्या वास्तुविचारात ती दिशा शुभ. व्यवहारातही ते सोयीचं पडतं. दार उघडं राहिलं तरी गल्लीतून अंगण दिसत नाही. आत पाऊल टाकलं की समोर आडभिंत येते. तिथून डावीकडे वळायचं, अरुंद पुढच्या अंगणात यायचं, मग उजवीकडे वळून आतलं दार. या आतल्या दाराला दोन आखूड खांब असतात, जमिनीला न टेकणारे, छपरातून लोंबणारे, खाली कमळाच्या कळीसारखे कोरलेले. परका माणूस इथपर्यंतच. त्यामागे लाकडी पडद्यासारखं आणखी एक दार असतं, ते लग्न किंवा अंत्ययात्रेसारख्या प्रसंगीच उघडत. रोजची ये-जा बाजूने.

घर गल्लीच्या दक्षिण बाजूला असेल तर दार वायव्य कोपऱ्यात जातं, पण मुख्य इमारतीचं तोंड दक्षिणेकडेच राहतं.

दारावरून घरमालकाचा दर्जा ओळखता यायचा म्हणतात. नेमकं काय बघायचं? (डोंबिवली)

नक्षी नंतर बघा. आधी दाराची फळी छपराखाली किती आत बसवली आहे ते बघा.

फळी बरोबर आढ्याखाली असेल, म्हणजे बाहेर खोल देवडी राहिली असेल, तर ते मोठ्या अधिकाऱ्याचं घर. फळी एक खांब पुढे सरकली असेल, तर एक पायरी खालचा दर्जा. अगदी पुढच्या खांबांत बसवली असेल आणि बाहेर देवडीच उरली नसेल, तर घर बहुधा सधन व्यापाऱ्याचं. आणि पुढची बाजू विटांनी बुजवून मधे लहानसं दार ठेवलं असेल, तर ते 'रूयी' दार. पैसा होता पण पद नव्हतं, अशांनी हेच दार बांधलं आणि सगळी हौस वरच्या विटांच्या कोरीव कामावर काढली. गंमत अशी की कोरीव काम सर्वांत दाट कमी दर्जाच्या दारावर सापडतं आणि वरच्या दर्जाचं दार साधं, फक्त खोल असतं. सर्वांत खालचं दार म्हणजे कुंपणाच्या भिंतीतलं छोटं दार, त्याला खोलीच नसते.

आता दाराच्या पायथ्याचे दगड. कोरलेला ढोल किंवा चौकोनी पेटी दिसते तो दगडाचा निम्मा भाग, उरलेला निम्मा आत असतो. आतल्या भागात खळगा असतो आणि त्यात दाराच्या फळीची खालची खुंटी फिरते. जड लाकडी फळीचा सगळा भार आतल्या टोकावर येतो, म्हणून बाहेरचं टोक वजनदार ठेवून तोल साधायचा. म्हणजे ढोल शोभेचा, पण आधी वजनाचा. वरही तसंच. चौकटीच्या वर दोन किंवा चार कोरीव गोंडे दिसतात, ती लाकडी मेखांची डोकी. मेखा आडव्या पाटातून आत जाऊन मागची फळी धरतात आणि त्या फळीच्या भोकात दाराची वरची खुंटी बसते. चार गोंडे मोठ्या दाराला, दोन साध्या दाराला.

ढोल म्हणजे सेनानी, पेटी म्हणजे पंडित, असं गाइड सांगतात. ऐकायला बरं, पण सरसकट असा नियम नव्हता. सोयरीक तोलामोलाची असावी या अर्थाचा चिनी वाक्प्रचार या दगडांवरून आणि गोंड्यांवरून आला, हेही तसंच. वाक्प्रचार जुना आहे, दगडांची गोष्ट त्याला मागाहून चिकटवलेली.

गल्ल्यांची नावं एवढी काव्यमय कशी? 'सदा उजळ गल्ली', 'शुभशकुन गल्ली'... (कोल्हापूर)

कारण ती धुऊन काढलेली आहेत!

मूळ नावं अस्सल गावठी होती. गल्लीचा आकार, तिथला धंदा, विहीर, देऊळ, एखादा रहिवासी, जे डोळ्यांना दिसलं ते नाव. टोप्यांची गल्ली (माओर), भाजलेल्या चण्या-वाटाण्याची गल्ली (छाओदोऊ), सुक्या पिठाची गल्ली (कानमिएन). त्यातच कुत्र्याची शेपूट, कोंबडीचा पाय, शेणकिडा अशीही नावं होती. शेणकिडा म्हणजे 'शीखलांग'. बादशाही संपली आणि शहराचे नवे नकाशे आले, तेव्हा सुशिक्षित कारकुनांना या नावांची लाज वाटू लागली.

त्यांनी युक्ती केली. उच्चार तसाच किंवा अगदी जवळचा ठेवायचा आणि लिहिताना चित्रलिपीतली दुसरी अक्षरं वापरायची. 'शीखलांग' झालं 'शीखलियांग', म्हणजे घडोघडी उजळ. 'गोऊवेइबा' (कुत्र्याची शेपूट) झालं 'गाओयिबो', अर्थ थोर, सदाचारी सरदार. 'जीझाओ' (कोंबडीचा पाय) अगदी जवळच्या उच्चारात 'शुभशकुन' झाला. 'ल्यूशी' (गाढवबाजार) 'लीशी' झाला, म्हणजे विद्वानांचा मान राखणे. डुकरांचा बाजार मोत्यांचा बाजार झाला : झूशीखोऊ, उच्चारात फरकच नाही. गल्लीतल्या म्हातारीला बदल कळायचंही कारण नव्हतं, ती आधीसारखंच म्हणत राहिली. बदललं फक्त पाटीवरचं.

वाईट वाटतं ते एका नावाचं. 'खूशुइजिंग' म्हणजे कडू पाण्याची विहीर. ते 'फूसुइजिंग' झालं : सुख-शांतीचा परिसर. नाव गोड झालं आणि तिथल्या पाण्याची चव कशी होती हा पुरावा पुसला गेला.

१९६५ मध्ये पुन्हा मोठी फेरी झाली, कारण एकाच नावाच्या कितीतरी गल्ल्या होत्या आणि पोस्टमन हैराण होते. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) क्रांतिकारी नावं आली आणि नंतर गेली. जुन्या नावांत वयाने मोठी म्हणून झुआनथा, म्हणजे विटांच्या मनोऱ्याची गल्ली, प्रसिद्ध आहे. युआन काळाच्या एका नाटकाच्या संवादात ती येते. तो मनोरा आजही गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, आणि लेखक लू शुन १९२३-२४ मध्ये याच गल्लीत राहत होते.

कडू पाणी म्हणजे काय? शहर पाणी कुठून आणायचं? (सोलापूर)

बीजिंगच्या बहुतेक विहिरींचं पाणी क्षारयुक्त, मचूळ. गोड पाण्याच्या विहिरी मोजक्याच. बरी परिस्थिती असलेलं घर तीन प्रकारचं पाणी वेगळं ठेवायचं : गोड पाणी चहाला, मधलं पाणी स्वयंपाकाला, कडू पाणी धुण्या-भांड्याला. पाणी घरपोच आणणारे बहुतेक शानदोंग प्रांतातले. एकचाकी ढकलगाडीवर लाकडी पिंपं, आणि कोणत्या गल्लीत कोणी पाणी घालायचं याचा हक्क ठरलेला. महालासाठी मात्र युछुआन टेकडीच्या झऱ्याचं पाणी शीजमन वेशीतून गाड्यांनी येई.

नळाची कंपनी १९०८ मध्ये निघाली आणि १९१० पासून पाणी मिळू लागलं. सुरुवातीला बहुतेकांना ते घरात मिळालं नाही. गल्लीच्या तोंडाशी नळ असायचा आणि तिथे पाण्याची तिकिटं देऊन भरायचं. पाणक्यांचा धंदा लगेच बसला नाही, कारण नळ ते घर हे अंतर तोडायला माणूस लागतोच.

पाणी झालं, पण संडास? आजही गल्लीत सार्वजनिकच आहे असं ऐकलं. (बेळगाव)

बऱ्याच ठिकाणी आजही आहे. पूर्वी घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात खड्ड्याचा संडास असे. पाठीवर लाकडी पिंप घेतलेला माणूस आत येऊन तो उपसायचा आणि मैला सुकवून शेतकऱ्यांना खत म्हणून विकला जायचा. त्याला किंमत होती, म्हणून 'मैल्याची वाट' ही मालमत्ता होती : कुठल्या गल्ल्यांचा मैला कोणाचा, हे हक्क विकत-भाड्याने दिले जात आणि त्यावर बसलेले मुकादम कामगारांना पिळत. याच कामातले शी छुआनशियांग (१९१५-१९७५) यांना १९५९ मध्ये आदर्श कामगार म्हणून गौरवलं गेलं. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची त्यांचा हात हातात घेऊन उभे आहेत, हा फोटो तेव्हा घरोघरी पोचला. पुढे सांस्कृतिक क्रांतीत लिऊ शाओचीच शत्रू ठरले आणि तोच फोटो शी यांच्यावर उलटला.

साठच्या दशकापासून घरातले खड्डे बुजवून गल्लीत सार्वजनिक संडास बांधले गेले. घरात का नाहीत, याचं उत्तर गल्लीच्या रुंदीत आहे. आज कित्येक गल्ल्या तीन-चार मीटरच्याच उरल्या आहेत. मैलापाणी, पिण्याचं पाणी, वीज, गॅस यांच्या वाहिन्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर टाकायला तेवढ्यात जागा मिळत नाही. शिवाय मैलावाहिनीला उतार लागतो आणि अंगणं गल्लीपेक्षा खाली गेलेली आहेत. २००८ च्या ऑलिम्पिकआधी हे संडास मोठ्या प्रमाणात नवे केले. २०१२ मध्ये महापालिकेने नियम काढला की एका संडासात दोनपेक्षा जास्त माश्या असू नयेत. माश्या मोजणार कोण, यावर शहर बरेच दिवस हसलं.

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. तिथली लाकडी घरं कुठून बिघडतात आणि कशी सावरतात? आणि विटा करड्या कशा? (वाई)

तुमच्यासारख्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर.

भार सगळा लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत फक्त भरण. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी तिथली म्हण आहे. म्हणून आधी खांब तपासायचे. बरेच खांब भिंतीच्या आत झाकलेले असतात आणि ओल त्यांच्या पायथ्याशी साचते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. भिंतीत खांबाभोवती ते पोकळी सोडत आणि खांबाच्या रेषेत, जमिनीपासून थोडं वर, जाळीदार कोरलेली एक वीट बसवत. वर पागोळीजवळ दुसरी. खालून हवा आत, वरून बाहेर, खांब कोरडा. विटेवर फूल किंवा पक्षी कोरलेला, त्यामुळे बघणाऱ्याला ती शोभा वाटते. तिला 'थोऊफंग' म्हणतात, म्हणजे 'वारा जाऊ देणारी'.

गल्ल्या 'सुंदर' करताना कित्येक ठिकाणी भिंतींवर सिमेंटचा गिलावा, करडा रंग किंवा पातळ विटेच्या फरश्या चढवल्या गेल्या आणि या जाळ्या बुजल्या. भिंत नवी दिसते आणि आत खांब कुजतो. गल्लीची नुसती चेहरेपट्टी जपण्यातला हा सर्वांत महागडा दोष.

खांबाचा पायथाच कुजला असेल तर पूर्ण खांब बदलत नाहीत. वरचा भार टेकूंवर घ्यायचा, कुजका भाग कापायचा, त्याच जातीचं सुकं लाकूड घ्यायचं आणि दोन्ही तुकडे निम्मे-निम्मे कापून एकमेकांवर बसवायचे. सांध्याची लांबी खांबाच्या व्यासाच्या एक ते दीडपट. वर लोखंडी पट्टे. उघड्या खांबात उंचीच्या एक-पंचमांशापर्यंत आणि भिंतीतल्या खांबात एक-तृतीयांशापर्यंत कूज असेल तर हा इलाज चालतो. त्याहून वर गेली असेल तर खांब बदला.

छपराचा शत्रू गवत. वाशांवर फळ्या किंवा बोरूची चटई, तिच्यावर चुना आणि भुसा घातलेल्या मातीचा जाड थर, त्यात कौलं बसवलेली. माती म्हटलं की बी रुजणारच. मुळं कौल उचलतात, फटीतून पाणी मातीत जातं, माती ओली राहते आणि वासे खालून कुजतात. आत गळायला लागेपर्यंत वाशाचं काम तमाम झालेलं असतं. गवत बी धरण्याआधी मुळासकट काढावं लागतं. नुसतं कापलं तर पुढच्या वर्षी दुप्पट येतं.

तिसरं कारण गल्लीच. दर वेळी जुन्यावर नवा थर टाकत रस्ता शतकानुशतकं उंच झाला. परिणामी रस्ता अंगणापेक्षा वर आणि अंगण खोलीपेक्षा वर. बीजिंगकर याला 'तिहेरी उडीचा खड्डा' म्हणतात : दारातून एक उडी, अंगणात दुसरी, खोलीत तिसरी. जुलै-ऑगस्टच्या पावसात पाणी याच वाटेने आत येतं.

विटांबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्यांचा करडा रंग मातीचा नाही. भट्टी पूर्ण तापल्यावर हवेची वाट बंद करून वरून पाणी सोडतात. वाफ कोंडते, आत प्राणवायू पोचत नाही आणि विटेतल्या लोहाचा तांबडा रंग करडा होतो. भट्टी घाईने उघडली तर वीट डागाळते.

एका घरात वीस-वीस कुटुंबं राहतात ती कशी शिरली? (मुंबई)

तीन टप्प्यांत. १९५८ पासून मोठ्या घरमालकांच्या भाड्याच्या खोल्या सरकारी व्यवस्थापनाखाली आल्या. १९६६ नंतर उरलेल्या खासगी घरांवर ताबा आला आणि खोल्या वाटल्या गेल्या. मग २८ जुलै १९७६ चा थांगशानचा भूकंप. बीजिंगमध्ये लोक अंगणात ताडपत्र्या, फळ्या, विटा लावून राहिले. धोका टळला, पण झोपड्या राहिल्या, कारण घरात आधीच जागा नव्हती. पुढे त्यांचीच स्वयंपाकघरं झाली. नंतर काही काळ खोली पुढे ढकलायला, टोकाला जोडायला, वाढवायला अधिकृत मुभाही मिळाली. पाहता पाहता पसरट अंगणाची वाकडी बोळ झाली. अशा घराला 'दाझायुआन' म्हणतात, म्हणजे सरमिसळ झालेलं मोठं अंगण. मुंबईच्या चाळीतला माणूस तिथे बावचळणार नाही. फक्त चाळ भाड्यासाठीच बांधली गेली आणि हे घर एका कुटुंबासाठी होतं.

आत ऊन येईना, म्हणून कोळसा जास्त जळू लागला. भोकं पाडलेल्या कोळशाच्या वड्यांची शेगडी, पत्र्याचं धुराडं खिडकीतून बाहेर. रात्री शेगडी दाबून ठेवली की विषारी वायूची भीती. त्यावर साधा उपाय म्हणजे 'फंगदोऊ' : खिडकीच्या वरच्या तावदानात बसवलेला कागदाचा किंवा पत्र्याचा तिरपा खोका. आतली तापलेली हवा वर चढून बाहेर जाते, पण बाहेरचा वारा थेट आत येत नाही. धुराड्याचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं तर धूर उलटा येतो, म्हणून टोकाला दोन्ही बाजूंनी उघडी आडवी नळी लावतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जुन्या शहरात कोळशाऐवजी विजेचे हीटर दिले गेले. ते रात्री स्वस्त दरात तापतात आणि दिवसा ऊब सोडतात. २०१५ च्या सुमारास मधले दोन जिल्हे कोळसामुक्त झाले.

शांघायचे 'लोंगथांग' आणि हुथोंग एकच का? (इंदूर)

नाही. शांघायच्या गल्ल्या १८६०-७० च्या दशकांत परकी वसाहतींत आल्या. बादशाहीविरुद्धच्या थाइपिंग बंडाच्या धुमाळीतून पळून आलेल्यांना भाड्याने द्यायला जमीनदारांनी घरं बांधली : युरोपीय पद्धतीची सलग रांग, आत चिमुकलं चिनी अंगण, दगडी चौकटीचं काळं दार. त्यांना 'शीखूमन' म्हणतात. स्वयंपाकघराच्या वरची उत्तरेकडची खोली म्हणजे 'थिंगजजिएन' : उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात गारठणारी, म्हणून स्वस्त, म्हणून गरीब लेखकांची. १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन अशाच एका शीखूमन घरात भरलं. बीजिंगची गल्ली राजाच्या आखणीतून आली, शांघायची भाड्याच्या हिशेबातून.

जुन्या गल्लीतले फेरीवाले ओरडण्याऐवजी वाद्यं का वाजवायचे? (सांगली)

ओरडायचेही. पण भिंतींना गल्लीकडे खिडकी नाही आणि बाई तिसऱ्या अंगणात, तेव्हा आवाज छपरावरून आत जायला हवा. धातूचा आवाज त्यासाठी बरा. न्हावी चिमट्यासारखं लोखंडी 'हुआनथोऊ' घेऊन मधून सळई ओढायचा, एक लांब घुमणारा नाद निघायचा. धार लावणारा लोखंडी पट्ट्यांची माळ खळखळवायचा. आंबट आलुबुखाऱ्याचं सरबत विकणारा एका हातात दोन पितळी वाट्या एकमेकींवर आपटायचा. दोऱ्या-कापडवाल्याचा डमरू. दार न उघडताच कोण आलं ते कळायचं.

याच गल्ल्यांवरचा आणखी एक आवाज कबुतरांचा. छोटा भोपळा, बांबू किंवा बोरूची हलकी शिट्टी कबुतराच्या शेपटीला बांधतात. शेपटीत बारा पिसं असतात, त्यांतली मधली चार मुळाशी सुई-दोऱ्याने एकत्र धरतात. शिट्टीच्या बुडाची चपटी पट्टी मधल्या दोन पिसांमधून खाली काढून तिच्या भोकात बारीक तार अडकवतात. शिट्टीचं तोंड पुढे. उलटं बांधलं तर वाजतच नाही. वजन जास्त झालं की पक्षी लवकर उतरतो, म्हणून थव्यात सगळ्यांना बांधत नाहीत, काहींनाच.

आता किती उरल्यात? मे महिन्यात जाणार आहे. नानलुओगू शियांग बघून परत आलो तर चालेल? (ठाणे)

'नावाच्या गल्ल्या तीन हजार सहाशे, बिननावाच्या बैलाच्या केसांइतक्या' अशी जुनी म्हण आहे. १९४९ मध्ये तीन हजारांच्या वर होत्या. २००३ पर्यंत सुमारे दीड हजार राहिल्या. मधल्या काळात भिंतीवर वर्तुळात रंगवलेलं 'छाय' (पाडा) हे अक्षर शहराची ओळख झालं होतं. पंचवीस संरक्षित भाग ठरल्यानंतरही पाडापाडी थांबली नव्हती. स्थापत्यकार लियांग सिछंग आणि लिन हुइयिन यांचं पेइझोंगबू गल्लीतलं घर २०१२ मध्ये 'दुरुस्तीसाठी' पाडलं गेलं.

नानलुओगू शियांगचा मधला रस्ता पाच मिनिटांत ओलांडा, तिथे दुकानंच आहेत. त्याला पूर्वेला आठ आणि पश्चिमेला आठ गल्ल्या फुटतात, म्हणून त्याला 'गोमेचा रस्ता' म्हणतात. युआन आखणी पायाखाली जाणवते ती या सोळा गल्ल्यांत. माओरमध्ये शेवटची सम्राज्ञी वानरोंग हिचं माहेर आहे, दार बाहेरूनच दिसतं. ज्युअर गल्लीत ४१ क्रमांकाला स्थापत्यकार वू लियांगयोंग यांचा प्रयोग आहे. पहिला टप्पा १९९० मध्ये झाला. मोडकळीला आलेल्या दाझायुआनच्या जागी दोन-तीन मजली घरं उभी केली, पण अंगणाभोवतीच, आणि जुनी झाडं ठेवून. उंची वाढवूनही अंगण टिकवता येतं, हे बघायचं असेल तर तिथे जा.

सकाळी सात ते नऊची वेळ चांगली. उघड्या दारातून आडभिंतीपर्यंत बघायला हरकत नाही, तिच्यापुढे जाऊ नका, आत लोक राहतात. दारासमोर फळी किती आत बसली आहे ते बघा, मग वाका आणि भिंतीच्या पायथ्याशी जाळीची वीट शोधा. ती मोकळी असेल तर आतला खांब बहुधा अजून धड आहे.